ढील

माइमू म्हणते, जातं आणि येतं.
काय? तर ते. बोटानं ती पडद्याचा कोपरा दाखवते,
जिथे एवढासा पिवळा त्रिकोण
आत्ता नाहीये.

मी आले की कधीच नसतो.
दाढदुखीही डॉक्टरच्या दारात अशीच थांबते.

हिउमा बेट, फेब्रुवारी, धक्क्यावरचं तिकीट-ऑफिस.
बाहेर गोठून पांढरा पडलेला समुद्र, त्यात फेरीबोटीनं कापलेली
एक काळी वाट, सारखी बुजू पाहणारी.
आत एक कॉम्प्युटर, पलीकडच्या भिंतीवर एक स्विच,
मधे अकरा मीटर निळी वायर.
एवढंच तर आहे. एवढ्यात बिघडून बिघडणार काय?

पहिल्या खेपेला वायरीची झडती घेतली.
टेस्टरवर आठही तारा ओळीनं उजळल्या,
हजर, हजर, हजर.
सुटली निर्दोष.
मग पोर्ट बदललं, तीनवरून सात.
मग नेटवर्क कार्डाची वीज वाचवायची खोड मोडली,
बसल्या बसल्या डुलकी काढायचं ते, दुपारच्या कारकुनासारखं.
दुसऱ्या खेपेला ड्रायव्हर.
तिसऱ्या खेपेला स्विचच उचकटून नवा बसवला.
चोर सोडून संन्याशाला फाशी.
जुना स्विच अजून माझ्या गाडीत मागच्या सीटवर आहे,
ब्रेक मारला की घसरतो.
त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

चौथ्या खेपेला माइमूनं वही पुढे केली.
हातमोज्यांचे नमुने काढायची, चौकटीचौकटीची.
मागच्या पानांवर पेन्सिलीनं:
सोमवार ८.५२. ११.०७. १३.१९ ला दोनदा.
मंगळवार वादळ, बोट नाही. काही नाही.
बुधवार ८.५०.
"मला त्यातलं कळत नाही," ती म्हणाली,
"मी आपले टाके मोजते."

मंगळवार. बोट नाही. काही नाही.
ती ओळ मी तीनदा वाचली.

मग आम्ही दोघी बोटीची वाट बघत बसलो,
राईचा काळा पाव, खारवलेला मासा,
माझी नजर हिरव्या दिव्यावर.
बोट लागली. खिडक्या थरथरल्या; दिवा नाही.
माणसं आली बर्फाचे बूट आपटत. तरी नाही.
कुणाची तरी बाबागाडी उंबऱ्यात अडकली,
दार उघडंच राहिलं, थंडी शिरली,
भिंतीवरचा थर्मोस्टॅट टक् वाजला,
आणि हीटरच्या नळातून गरम पाणी धावलं.
नळ कण्हला. अंग ताणलं त्यानं
केसभर, दोन केसभर,
आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी त्याच्या अंगाशी
करकचून आवळलेली निळी वायर त्याच्याबरोबर सरकली.
तिकडे पार टोकाला, टेबलामागच्या धुळीत,
नख तुटलेला तिचा प्लग
एक श्वास मागे आला.
दिवा गेला.

माइमूनं वहीत लिहिलं: १३.२१.

पट्ट्या कुणी आवळल्या ते बघताक्षणी कळलं.
शेपटं तिरकी कापलेली, सगळी एका बाजूला. एंडेल.
शिडी धरून उभा राहायचा तो, मी वर, एकोणीस वर्षांची,
आणि खालून सांगत राहायचा,
पोरी, टोकाला हातभर ढील सोड.
उद्याच्या चुकीसाठी.

मी त्याला फोन केला. आता तो मधमाश्या पाळतो.
सगळं सांगितलं: नळ, पट्ट्या, वर्षभराची खेपाखेपी.
तो इतका वेळ गप्प राहिला
की मला वाटलं, हीही लाइन गेली.
मग म्हणाला, त्या दिवशी शेवटची बोट धरायची होती.
कशासाठी ते मी विचारलं नाही.

पट्ट्या कापल्या. नवा प्लग चेपला,
नारिंगी, हिरवा, निळा, तपकिरी, आपापल्या जोडीदाराशेजारी.
उरलेल्या वायरीचा एक सैल वेढा
टेबलामागे लोंबत सोडला.

माइमू वाकून बघत राहिली.
म्हणाली, हे काही बरं दिसत नाही गं.
लोकर आहे माझ्याकडे. बांधून टाकू?